माडाच्या आळ्यात पुरलेली मासळी तिसऱ्या दिवशी का उठते?

खत म्हणून मासळीचा कचरा पुरायचा, दोन दिवस काही नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं की नाकात हिवसाण. चौथ्या रात्री कुत्रं येऊन आळं उकरतं. पाचव्या दिवशी आपण नाकाला पदर किंवा रुमाल बांधून अर्धवट सडलेली डोकी गोळा करत असतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत हा प्रकार तीन वर्षं चालला. पहिल्या वर्षी मी दोष मांजरांना दिला, दुसऱ्या वर्षी खड्डा मारणाऱ्या गड्याला. तिसऱ्या वर्षी वजनकाटा घेऊन बसलो, तेव्हा कुठे गोम सापडली.

घरातली म्हातारी माणसं वर मीठ चोळायची. "आमच्या टायमार गाडीभर पेडवे माडांका घालीत, कोणाक वास इलो नाय." खोटं नव्हतं ते. पण ते पेडवे आणि तारली आधी पुळणीवर उन्हात कडकडीत वाळलेली असत, आणि माड घरापासून लांब असत. आपण घालतो ती ओली आतडी, कल्ले, रक्ताचं पाणी, तेही स्वयंपाकघराच्या खिडकीपासून वीस पावलांवर. वाळलेल्या तारलीला जो नियम लागू होता तो रविवारच्या सुरमईच्या कोथळ्याला कसा लागणार?

आधी वास ओळखा

वास येतो म्हटल्यावर सगळे एकच उपाय सांगतात, वर माती टाका. पण वास तीन तऱ्हेचे असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. नाक जवळ न्यायचं जिवावर येतं, पण एकदाच न्या.

बाजारात येतो तसाच मासळीचा वास असेल, तर मासळी अजून कुजायला लागलेली नाही, फक्त उघडी आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि आपल्याला येतो तो हाच वास. इथे खोली कमी पडली आहे किंवा माती भुसभुशीत राहिली आहे. पुळणीच्या रेताड जमिनीत हे हमखास होतं, रेतीतून वास चाळणीतून यावा तसा वर येतो. रेताड जागी मी निदान दीड फूट जातो, जांभ्याच्या तांबड्या मातीत सव्वा फुटावर भागतं. माती टाकून झाली की पायाने तुडवा. नुसती ढकललेली माती झाकण नव्हे.

कुजलेल्या अंड्याचा, गटाराचा वास असेल तर खड्ड्यात पाणी साचलं आहे. हवा नाही म्हटल्यावर वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. यावर वरून माती टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली चटई बदलणं. खड्डा उघडावाच लागतो. चिखल झालेला माल बाहेर काढा, सुक्या पातेऱ्यात, म्हणजे गळून वाळलेल्या पानांत, कालवा आणि उंचावरच्या जागी पुन्हा पुरा.

तिसरा वास डोळ्यांत पाणी आणणारा, मुतारीसारखा. हा अमोनिया. आमच्याकडे दर वेळी हाच असायचा आणि दर वेळी मी त्यावर चुना टाकायचो. चुन्याने वास मरतो असं कुणीतरी सांगितलेलं. होतं उलट. चुना पडला की मिश्रण अल्कधर्मी होतं आणि मातीत धरून राहिला असता तो अमोनियाही वायू होऊन उडून जातो. वास दुप्पट, आणि ज्या नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) एवढा खटाटोप केला तो हवेत. चुलीची ताजी राखसुद्धा हेच करते. फिनेल ओतणारेही पाहिले आहेत. त्याने दोन दिवस बरं वाटतं, कारण कुजवणारे जिवाणूच मरतात. मग मासा तसाच राहतो आणि फिनेलचा जोर ओसरला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घमेल्याने केलेली चूक

आमच्या घरातलं माप होतं एक घमेलं मासळीला तीन घमेली पातेरा. ऐकायला चोख. मी ते एकदा काट्यावर घातलं. घमेलंभर डोकी आणि आतडी बारा किलो भरली. घमेलंभर सुका पातेरा पाऊण किलोसुद्धा भरला नाही. म्हणजे बारा किलो मासळीला आम्ही जेमतेम दोन किलो पातेरा देत होतो आणि वर "भरपूर घातला हो" म्हणत होतो.

हिशेब असा आहे. ताज्या मासळीत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं आणि सोळा-सतरा टक्के प्रथिनं. प्रथिनाला ६.२५ ने भागलं की नत्र निघतो, म्हणजे किलोमागे साधारण २५ ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असतो, तेव्हा एक किलो मासळी म्हणजे ५०-५५ ग्रॅम युरिया. जिवाणूंना एवढा नत्र पचवायला सोबत कार्बन लागतो, नत्राच्या पंचवीस-तीस पट. मासळीत तो चार-पाच पटच असतो. उरलेला सुक्या मालातून यायला हवा, आणि नाही आला की जास्तीचा नत्र अमोनिया होऊन तुमच्या खिडकीत येतो.

म्हणून कंपोस्टच्या ढिगात एक किलो मासळीला दोन ते तीन किलो सुका पातेरा. वजनाने. डोळ्यांना ती न दाबलेली गोणीभर पानं दिसतात आणि पहिल्यांदा "एवढी?" असंच वाटतं. सुताराकडचा लाकडाचा भुसा असेल तर दीड किलोत काम होतं, त्यात कार्बन फार जास्त आणि नत्र नावाला. मात्र प्लायवूड कापलेला भुसा नको, त्यात चिकटद्रव्य असतं. भाताचं तूस चालतं पण हळू, सोडणाचा (नारळाच्या बाहेरच्या सालाचा) चुरा त्याहून हळू. थेट जमिनीत पुरताना मातीही अमोनिया धरून ठेवते, म्हणून तिथे सुक्या मालाचं प्रमाण निम्म्यावर आणलं तरी निभावतं.

हे कळल्यावर आमच्या तक्रारीतला मोठा वाटा संपला. उरला तो चार पायांचा.

उकरणारे

कुत्रं, मांजर, घूस, मुंगूस, आणि सकाळी कावळे. आपण नव्याने शोधलेली ही कटकट नाही. अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत १६२१ साली टिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने नव्या लोकांना मक्याच्या आळ्यात मासे पुरायला शिकवलं, ही गोष्ट तिकडच्या शाळकरी मुलांना पाठ असते. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट आवडते. मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावाने १६४४ साली हुकूम काढला की तीन आठवडे प्रत्येक कुत्र्याचा एक पाय बांधून ठेवायचा, आणि तरी कुत्रं शेतातले मासे उकरताना सापडलं तर मालकाने दंड भरायचा. तीन आठवडे हा आकडा बघा. आपल्या उष्ण मातीतही पुरलेल्या मांसाचा वास पुरता जायला साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे राखण तीन आठवड्यांची, कायमची नाही.

आपण गावच्या कुत्र्यांचे पाय बांधू शकत नाही, तेव्हा खड्ड्यावर जांभ्याचा चिरा ठेवा. कोकणात चिऱ्याचा तुकडा नाही असं घर नसेल. एक पुरत नाही, खड्ड्याच्या मापाने दोन-तीन लागतात, नाहीतर कुत्रं बाजूने शिरतं. चिरे नसतील तर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी टाकून कडा मातीत दाबा, किंवा करवंदीच्या काट्या पसरा. तिखट भुरभुरणं हा उपाय पहिल्या दवापर्यंतचा.

घुशीला चिरा अडवत नाही, ती खालून बीळ काढून येते. खड्ड्याच्या कडेने ताजी मातीची रास दिसली तर ते काम तिचंच. अशा जागी कच्ची मासळी पुरणं सरळ बंद करा आणि पुढे सांगितलेल्या गुळाच्या पद्धतीकडे वळा. इथे मी हट्ट करणार नाही, कारण घुशी-उंदीर वाढले की पावसात लेप्टोचा (उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका वाढतो, आणि वाडीत आपण बहुतेक वेळा अनवाणीच असतो. कल्ले-काटे हाताळताना जाड हातमोजेही घाला. शिंगाळ्याचा काटा एकदा घुसला की आठवडाभर हात कामाला येत नाही.

अळ्या दिसल्या तर घाबरण्याआधी नीट पाहा. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या, वळवळणाऱ्या अळ्या या हिरव्या-निळ्या माशीच्या. ती मासळी कापल्यापासून तासाभरात अंडी घालून जाते, उष्ण दिवसांत अळ्या दिवसभरात बाहेर पडतात. म्हणजे पुष्कळदा अंडी खड्ड्यात नव्हे, ओट्याखालच्या डब्यातच पडलेली असतात. कचरा लगेच पुरता येत नसेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. घरात यावरून भांडण होईल हे मान्य. करड्या-तपकिरी, चपट्या, खरबरीत अळ्या मात्र काळ्या सैनिक माशीच्या. त्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि घरात येऊन त्रास देत नाहीत, त्यांना राहू द्या. आणि कंपोस्टच्या जुन्या ढिगात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या अळ्या सापडल्या तर त्या गेंडा भुंग्याच्या असण्याची शक्यता मोठी. तो माडाचा कोंब खातो. त्या वेचून मारा, आणि ढीग माडाला खेटून करू नका.

झाड करपलं

वास गेला, कुत्रं गेलं, आणि दोन आठवड्यांनी मिरचीची पानं कडेने तपकिरी झाली. माती ओली असूनही शेंडा मान टाकतो. मुळांना अमोनिया लागला आहे. कुजताना मासळीभोवतीची जागा गरम होते, तिथला प्राणवायू संपतो, आणि कोवळी मुळं नेमकी तिथेच असतात. खोल खड्ड्यातला माल झाडाच्या बुंध्यापासून लांब हवा. लहान रोपांपासून निदान दोन फूट, मोठ्या माडापासून पाच-सहा फूट. मुळं आपणहून चालत तिथवर जातात.

आता आम्ही माडाभोवतीचं आळं मनातल्या मनात चार भागांत वाटतो. दर तीन महिन्यांनी एका भागात पाच किलो, पुढच्या वेळी पुढचा भाग, असं करत वर्षाने पहिल्या जागी परत. चर दीड फूट खोल, तळाला वीतभर पातेरा, त्यावर मासळीचा थर चार बोटांहून जाड नाही, मोठी डोकी कोयत्याने दोन तुकडे केलेली. मग पावडंभर जुनं शेणखत, कारण कुजवणारे जिवाणू त्यातून फुकट मिळतात. पुन्हा पातेरा, वर माती, तुडवणं, चिरे. विहिरीच्या जवळ मात्र नाही, आम्ही पन्नास पावलं तरी सोडतो.

वर्षाचे वीस किलो झाले, म्हणजे नत्र अर्धा किलो. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेची मोठ्या माडासाठी शिफारस वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) आणि १,२०० ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी आहे. नत्राचा हिशेब बसला, तेव्हा वरून युरिया नको. पण पालाशाकडे बघा. मासळीत तो किलोमागे तीन-चार ग्रॅम, वीस किलोत ऐंशी ग्रॅमही नाही. "मासळी घातली, माड हिरवागार झाला, पण नारळ धरत नाही" ही तक्रार मी दोन-तीन वाड्यांतून ऐकली आहे, आणि तिचं एक उत्तर इथे असू शकतं. जास्वंदीला पानंच पानं आणि कळ्या नाहीत, टोमॅटो छातीएवढा आणि फळ चार, हीसुद्धा त्याच घरातली दुखणी. मासळी थांबवा आणि पालाश द्या. चुलीची राख चालते, आपली जांभ्याची माती आम्लच असते, पण ती मासळी पुरून दोन महिने झाल्यावर आणि वरच्या वर. आधी सांगितलं ते विसरून ताज्या मासळीत राख कालवू नका. माडाला एवढी राख कुठून पुरणार, तिथे म्युरेट ऑफ पोटॅश घालावं लागतं आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

खारवलेला बांगडा, खाऱ्यातलं पाणी, मीठ-हळद लावून ठेवलेल्या तुकड्यांचं धुवण या गोष्टी भाजीच्या वाफ्यात नकोत. माड मीठ सोसतो, मिरची नाही. बिनमिठाचं धुवण मात्र कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला उत्तम, दुप्पट साध्या पाण्यात मिसळून संध्याकाळी बुंध्यापाशी ओतायचं आणि खुरप्याने माती वरखाली करायची. पानांवर उडालं तर मुंग्या आणि मांजर दोघं येतात. कोथिंबीर, मुळा, काकडी असं कच्चं खायच्या भाजीजवळ कच्ची मासळी किंवा तिचं पाणी अजिबात नको, तिथे निदान तीन-चार महिने मुरलेलं खतच.

कुंडीवाल्यांसाठी

डोंबिवलीहून बहिणीने फोटो पाठवला होता. बारा इंची कुंडी, तुळस मान टाकलेली, मातीतून बांगड्याचं शेपूट वर आलेलं. कुंडीत कच्ची मासळी पुरू नये, एवढंच उत्तर आहे. खोली नाही, माती थोडी, मुळं सगळीकडे. पुरली असेल तर उकरून काढा, मग कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या, आणि रोप आठवडाभर सावलीत ठेवा. वाचलं तर पंधरा दिवसांत नवा फुटवा दिसतो.

गॅलरीसाठी बरा मार्ग गुळाचा. दक्षिण कोरियातल्या चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतीतून हा पसरला, तमिळनाडूत त्याला मीन अमिलम म्हणतात. मासळीचे बारीक तुकडे आणि तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ बरणीत थर देऊन भरायचा. वरची तिसरा हिस्सा जागा मोकळी. तोंडाला दुहेरी फडकं दोरीने घट्ट बांधायचं आणि बरणी सावलीत ठेवायची. तीन आठवडे ते महिन्यात काकवीसारखं पातळ होतं, ते गाळून घ्यायचं.

हेही बिघडतंच. सडका वास येतो म्हणजे गूळ कमी पडला, हात आखडता घेतला जातो कारण गूळ महाग. गूळ मासळीतलं पाणी ओढून घेतो आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना खाऊ देतो, म्हणून सडवणारे मागे पडतात. पहिल्या आठवड्यात कळलं तर आणखी गूळ घालून ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. अळ्या पडल्या म्हणजे फडकं सैल. झाकण घट्ट फिरवून ठेवलंत तर वायू कोंडतो, आणि काचेची बरणी फुटल्यावर काय होतं ते वर्णन करत नाही. नीट जमलेल्या रसाला आंबूस-गोड वास येतो, मासळीची आठवण राहते पण मळमळत नाही. लिटरभर पाण्याला दोन मिलि, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त घातल्याने झाड लवकर वाढत नाही, शेजारी लवकर येतात.

पावसात काय

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तरी खाडीची मासळी, चढणीचे मासे, कुर्ल्या घरात येतातच, आणि श्रावणाआधीच्या गटारीला तर डबा ओसंडतो. या दिवसांत आम्ही खड्डा मारत नाही. पाण्याची पातळी वर आलेली असते आणि दोन नंबरचा, अंड्याचा वास ठरलेला. गोठ्याच्या वळचणीला पत्र्याखाली मे महिन्यातच पातेऱ्याच्या गोणी भरून ठेवतो, ढीग तिथेच लागतो. पातेरा मेमध्ये गोळा केला नाही तर जुलैत तो सुका मिळत नाही, हे दोनदा अनुभवून झालं आहे.

कोळंबीची सालं आणि कुर्ल्यांची कवचं यांना वेगळी वागणूक. त्यांना चिकटलेलं मांस वास मारतं, कवच नाही. दहा मिनिटं बिनमिठाच्या पाण्यात उकळा, कावळ्यांपासून जाळीखाली वाळवा, खलबत्त्यात कुटा. कुंडीला महिन्याला एक चमचा पुरतो. कवचात कायटिन असतं, ते खाणारे जिवाणू मातीत वाढले की मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही जाच होतो, त्यामुळे वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात हा कुटलेला चुरा मी आवर्जून घालतो. तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपल्यांची घाई करू नका, ते जवळजवळ निव्वळ चुनखडीच. आख्खे टाकले तर माझ्या नातवंडांनाही सापडतील. फोडून, बारीक करून आम्ल मातीत टाका, किंवा सरळ वाटेवर पसरा, पावसात पाय घसरत नाही.